संगणकाचा तास : अडलेली खिडकी आणि आठ-दहा छोट्या आज्ञा



मागच्या अंकात आपण फाईलला नाव कसं द्यायचं ते पाहिलं. या वेळी मी दुसरंच काही लिहिणार होते. पण गेल्या महिन्यात कार्यालयात जे झालं, त्यानंतर हा पाठ आधी घ्यावा असं ठरलं.

झालं असं. एका गटाचा बँक कर्ज प्रस्ताव आणि त्यासोबतचा सूक्ष्म पत आराखडा त्याच दिवशी बँकेत द्यायचा होता. गटाच्या अध्यक्ष आणि सचिव ताई सकाळी जीपने आल्या होत्या. निंदणीचे दिवस, म्हणजे दोघींचा रोज बुडलेला. आराखड्याचा तक्ता अर्धा भरून झाला आणि पडदा जागच्या जागी थिजला. माउस हलतोय, पण तक्त्यावर क्लिक केलं तर काहीच नाही. आमच्या नवीन लेखापाल ताईने घाबरून मागचं मोठं बटण दाबून ठेवलं आणि संगणक बंद केला. पुन्हा चालू करून, फाईल शोधून सगळं परत भरेपर्यंत बँकेची वेळ संपली. दोन्ही ताया दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, पुन्हा जीपचं भाडं देऊन.

त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नाही. पण मला ते लागलं, कारण ती अडलेली खिडकी पाच अक्षरांत सुटली असती. ती पाच अक्षरं मला माहीत होती आणि मी कुणाला शिकवली नव्हती.

आपला संगणक कोणता आहे?

थोडी जुनी गोष्ट. आपल्या कार्यालयातला संगणक आधी विंडोजवर चालायचा. हळू व्हायला लागला म्हणून तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीला दिला. दुरुस्तीवाल्याने आम्हाला न विचारता सगळं पुसून नवीन भरून दिलं आणि दोन वर्षांच्या नोंदी गेल्या. गटांची कागदी रजिस्टरं नीट होती म्हणून वाचलो. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र, लेखे अद्ययावत ठेवणं, त्या वेळी खरं कामाला आलं. उन्हाळाभर बसून सगळं परत भरलं. त्यातच विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार असं कळलं आणि जुन्या यंत्रावर विंडोज ११ बसेना. नवीन यंत्राला पैसे नव्हते. म्हणून त्याच यंत्रावर लिनक्स मिंट टाकलं, त्यातला एक्सएफसीई नावाचा हलका प्रकार. जुन्या यंत्राला तो झेपतो.

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मूळ यंत्रणा. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ती लिहायला घेतली आणि सगळ्या जगासाठी खुली ठेवली. ती वापरायला परवान्याचे पैसे लागत नाहीत, वाटायलाही लागत नाहीत. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं लिनक्सवरच संगणक शिकतात. आपल्याकडच्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही बॉस नावाचं लिनक्स तयार केलं आहे. या संस्थेचं मुख्यालय पुण्यात आहे. तेव्हा "हे काहीतरी फुकटचं, कमी दर्जाचं आहे" असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

लिनक्सवर माउसने सगळं होतंच. पण प्रत्येक खिडकीला, प्रत्येक साधनाला एक नाव असतं, आणि ते नाव टाइप केलं की ते हजर होतं. मेनूत शोधत बसावं लागत नाही. घरात "अगं, ते वरच्या फळीवरचं, डाव्या बाजूचं" असं सांगण्यापेक्षा "हिंगाची डबी दे" म्हटलं की हातात येते, तसं. या नावालाच आज्ञा किंवा कमांड म्हणतात.

एक वाचते, एक टाइप करते

इथे आज्ञा मी देवनागरीत लिहिते आहे, म्हणजे सगळ्यांना वाचता येतील. कीबोर्डवर मात्र त्या इंग्रजी अक्षरांनीच टाकायच्या, तेही छोट्या एबीसीडीत. आमच्याकडे दोघी मिळून बसतात. एक अंक हातात घेऊन एकेक अक्षर मोठ्याने वाचते, दुसरी बोट ठेवते. असं केलं की चूक कमी होते आणि दोघींच्याही लक्षात राहतं. "आडवी रेघ" म्हटलं की शून्याच्या शेजारचं बटण. "मोकळी जागा" म्हटलं की खालचं लांब बटण. "४" म्हटलं की इंग्रजी आकडा.

टाइप कुठे करायचं? दोन जागा आहेत. ऑल्ट धरून एफ-२ दाबलं की पडद्यावर एक छोटी चौकट येते. एका शब्दाची आज्ञा असेल तर तिथे टाकून एंटर दाबायचं. मोठी आज्ञा असेल किंवा एखाद्या फाईलवर काम करायचं असेल तर टर्मिनल उघडायचं. ज्या फोल्डरमध्ये फाईल आहे तो उघडून, मोकळ्या जागेवर उजवं बटण दाबून "ओपन टर्मिनल हिअर" निवडलं की त्याच जागी टर्मिनल उघडतं. काळी खिडकी बघून बिचकू नका. तुम्ही काही लिहून एंटर दाबेपर्यंत ती काहीच करत नाही.

अडलेली खिडकी : एक्सकिल

आता ती पाच अक्षरं. ऑल्ट एफ-२ दाबा. चौकटीत लिहा: एक्स, के, आय, एल, एल. एंटर. माउसचा बाण बदलतो आणि तिथे फुली किंवा कवटीचं चिन्ह येतं. आता जी खिडकी अडली आहे तिच्यावर नेऊन डावं बटण एकदा दाबा. खिडकी तिथल्या तिथे बंद होते. बाकीचा संगणक चालूच राहतो.

मन बदललं, नको वाटलं, तर उजवं बटण दाबा. आज्ञा रद्द होते.

पण तायांनो, ही आज्ञा म्हणजे विळी आहे. हातात घेताना सांभाळून. एक तर ती फाईल जतन करत नाही, सरळ कापते. दुसरं, आपण हिशेबाला वापरतो त्या लिबरऑफिसच्या तीन खिडक्या उघड्या असतील आणि त्यातली एक मारली, तर तिन्ही जातात, कारण आतून ते एकच काम चालू असतं. आणि तिसरं, फुली घेऊन चुकून खालच्या पट्टीवर क्लिक केलं तर ती पट्टीच गायब होते. आमच्या एका मावशींनी हे केलं आणि "संगणक मेला" म्हणून डोक्याला हात लावून बसल्या. मेलेला नसतो. पट्टी बहुतेक वेळा आपोआप परत येते. नाही आली तर ऑल्ट एफ-२ दाबून एक्स, एफ, सी, ई, ४, आडवी रेघ, पी, ए, एन, ई, एल असं लिहा. पट्टी येते.

म्हणून एक्सकिल करायच्या आधी एवढं बघाच. पहिलं, शंभर अंक मोजा. जुनं यंत्र आहे, मोठा तक्ता असेल तर त्याला दम लागतो. दुसरं, ऑल्ट धरून टॅब दाबा आणि सगळ्या उघड्या खिडक्या फिरवून बघा. कित्येकदा खिडकी अडलेली नसतेच. तिने आपल्याला काही विचारलेलं असतं, "ही फाईल आधीच आहे, वर लिहू का?" असं, आणि ती विचारणा दुसऱ्या खिडकीच्या मागे लपलेली असते. आपण उत्तर देत नाही म्हणून ती थांबलेली. त्या कर्ज प्रस्तावाच्या दिवशीही हेच झालं असावं, असं आता मला वाटतं. तिसरं, माउसही हलत नसेल तर नम लॉकचं बटण दाबा. दिवा लागतो-विझतो असेल तर संगणक जिवंत आहे, अजून थांबा. मागचं मोठं बटण हे अगदी शेवटचं.

मारलेली फाईल परत मिळते का? बऱ्याचदा हो. लिबरऑफिस पुन्हा उघडलं की तेच विचारतं, अमुक फाईल सावरायची का. तिथे हो म्हणायचं. घाईघाईने "नको" दाबू नका, ही चूक फार जणी करतात. लिबरऑफिस किती मिनिटांनी आपोआप नोंद ठेवतं हेही आपल्या हातात आहे. टूल्स, मग ऑप्शन्स, मग लोड/सेव्ह, मग जनरल. तिथे ऑटोरिकव्हरीच्या ओळीत मिनिटांचा आकडा असतो, तो ५ करा. आमच्याकडे वीज जाते-येते म्हणून आम्ही २ केला आहे.

एक गोष्ट जाता जाता. दुसऱ्या कुठल्या कार्यालयात नवीन प्रकारचं लिनक्स असेल, ज्यात पडद्याचं काम वेलँड नावाची यंत्रणा बघते, तिथे एक्सकिल सगळ्या खिडक्यांवर चालत नाही. आपल्या मिंटवर चालतं.

मराठी-इंग्रजीची गंमत

पहिल्या सरावाला आमच्या मावशींनी पाचही अक्षरं बरोबर दाबली आणि चौकटीत उमटलं "ंकगतत". सगळ्या हसलो. झालं होतं असं की कीबोर्ड मराठीवर राहिला होता. आपण इनस्क्रिप्ट ही पद्धत वापरतो. त्यात एक्सच्या बटणावर अनुस्वार आहे, के वर क, आय वर ग आणि एल वर त. संगणकाला "ंकगतत" नावाची आज्ञा माहीत नाही, तो तरी काय करणार.

ही अडचण एकदाच कायमची सोडवा. ऑल्ट एफ-२ मध्ये लिहा: एक्स, एफ, सी, ई, ४, आडवी रेघ, के, ई, वाय, बी, ओ, ए, आर, डी, आडवी रेघ, एस, ई, टी, टी, आय, एन, जी, एस. लांब आहे, पण हे एकदाच करायचं आहे. कीबोर्डची खिडकी उघडेल. त्यात लेआउटच्या पानावर जाऊन "सिस्टीम डिफॉल्ट" ची खूण काढा, इंग्रजी आणि मराठी दोन्ही यादीत ठेवा, आणि भाषा बदलायला ऑल्ट-शिफ्ट निवडा. मग ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबलं की मराठी, परत दाबलं की इंग्रजी. आज्ञा देण्याआधी एक अक्षर दाबून बघायची सवय लावा.

पडद्याचा फोटो, आणि माझी एक चूक

काही अडलं की आपण प्रभागातल्या किंवा तालुक्यातल्या कुणाला तरी फोन करतो. फोनवर "इथे काहीतरी लाल लाल आलंय" एवढंच सांगता येतं. त्यापेक्षा पडद्याचा फोटो पाठवला तर समोरच्याला लगेच कळतं. त्याची आज्ञा अशी: एक्स, एफ, सी, ई, ४, आडवी रेघ, एस, सी, आर, ई, ई, एन, एस, एच, ओ, ओ, टी, ई, आर. म्हणजे एक्सएफसीई४-स्क्रीनशूटर. एवढंच लिहिलं तर एक खिडकी येऊन विचारते, पूर्ण पडदा हवा, एक खिडकी हवी की तुकडा हवा.

पुढे मोकळी जागा सोडून आडवी रेघ आणि आर लिहिलं तर ती विचारत नाही. माउसने जेवढा चौकोन ओढाल तेवढ्याच भागाचा फोटो काढते. आर च्या ऐवजी डब्ल्यू लिहिलं तर समोरच्या खिडकीचा आणि एफ लिहिलं तर सगळ्या पडद्याचा.

माझं ऐकाल तर एफ विसरूनच जा. कारण सांगते. गेल्या वर्षी तक्त्यातली बेरीज चुकत होती म्हणून मी सगळ्या पडद्याचा फोटो काढला आणि आपल्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला, "कुणाला कळतंय का?" म्हणून. बेरजेकडे माझं लक्ष होतं. बाजूच्या रकान्यात कोणाचा हप्ता थकलाय ती नावं होती, तिकडे नव्हतं. त्या गटावर कुणाचा दीर होता, कुणाची नणंद. संध्याकाळपर्यंत एका वहिनीच्या घरी विचारणा सुरू झाली, कर्ज कधी काढलं, कशाला काढलं, आम्हाला का नाही सांगितलं. त्यांनी ते मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी काढलं होतं आणि नवऱ्याला हळूहळू सांगणार होत्या. त्या पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. मी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण बोलल्या कमीच. आता येतात बैठकीला. हप्ताही पूर्ण फिटला.

तेव्हापासून आमच्या कार्यालयात पडद्याचा फोटो फक्त तुकड्याचा निघतो. पाठवायच्या आधी दुसऱ्या तायीने तो बघायचा. नाव, खाते क्रमांक, आधार क्रमांक, थकबाकी यातलं काहीही दिसत असेल तर तो फोटो जात नाही.

याच्याच जोडीची आज्ञा म्हणजे एक्सफ्लॉक४. एक्स, एफ, एल, ओ, सी, के, ४. ऑल्ट एफ-२ मध्ये लिहून एंटर दाबलं की पडद्याला कुलूप लागतं आणि परत उघडायला पासवर्ड लागतो. चहाला उठताना, बँकेत जाताना, लेकराला घ्यायला अंगणवाडीत जाताना एवढं करून उठायचं. कपाटाला किल्ली लावतो तसंच. पासवर्डची चिठ्ठी मात्र पडद्याला चिकटवायची नाही. हसू नका, आमच्याकडे होती.

फाईल कशात उघडते ते माहीत नसेल तर

ईमेलवर, पेनड्राइव्हवर नाना तऱ्हेच्या फाईली येतात. कुठली कशात उघडायची हे लक्षात ठेवायची गरज नाही. टर्मिनलमध्ये लिहा: एक्स, डी, जी, आडवी रेघ, ओ, पी, ई, एन, मग मोकळी जागा, मग फाईलचं नाव. एक्सडीजी-ओपन. संगणक स्वतः बघतो, हा तक्ता आहे की फोटो की पीडीएफ, आणि योग्य त्या साधनात उघडून देतो. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत, पण ही आज्ञा बहुतेक सगळ्यांवर सारखीच चालते, म्हणून पाठ करण्यासारखी आहे. फाईलच्या नावाऐवजी नुसता टिंब दिला, तर तुम्ही ज्या फोल्डरमध्ये आहात त्याचीच खिडकी उघडते.

फाईलचं पूर्ण नाव टाइप करायचा कंटाळा येतो ना? पहिली तीन-चार अक्षरं लिहून टॅब दाबा. त्या अक्षरांची एकच फाईल असेल तर उरलेलं नाव संगणक लिहितो. एकाहून जास्त असतील तर थांबतो, मग अजून एक-दोन अक्षरं द्यायची. मागच्या अंकात मी नावात मोकळी जागा सोडू नका, खालची रेघ वापरा असं का म्हणत होते ते आता कळेल. नावात मोकळी जागा असली की आज्ञेला वाटतं या दोन वेगळ्या फाईली आहेत. तसं नाव असेलच तर ते अवतरण चिन्हांत घालायचं.

चौदा अहवाल, एक ओळ

लेखापाल तायांना ही सगळ्यात जास्त आवडली. महिनाअखेरीला प्रत्येक गटाचा तक्ता पीडीएफ करून पाठवायचा असतो. आधी काय करायचो, एक फाईल उघडायची, एक्स्पोर्ट करायची, बंद करायची, दुसरी उघडायची. चौदा गट म्हणजे चौदा वेळा. दुपार जायची.

आता सगळे तक्ते एका फोल्डरमध्ये ठेवायचे. लिबरऑफिस पूर्ण बंद करायचं, हे महत्त्वाचं आहे, उघडं असलं तर आज्ञा कधी कधी काहीच न करता परत येते. त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडायचं आणि लिहायचं:

लिबरऑफिस (एल, आय, बी, आर, ई, ओ, एफ, एफ, आय, सी, ई), मोकळी जागा, दोन आडव्या रेघा, कन्व्हर्ट (सी, ओ, एन, व्ही, ई, आर, टी), एक आडवी रेघ, टी, ओ, मोकळी जागा, पी, डी, एफ, मोकळी जागा, तारा, टिंब, ओ, डी, एस.

तारा म्हणजे शिफ्ट धरून ८ चं बटण. तारा-टिंब-ओडीएस याचा अर्थ "या फोल्डरमधले झाडून सगळे तक्ते". एंटर दाबा आणि खिडकीही न उघडता एकेक पीडीएफ त्याच फोल्डरमध्ये पडायला लागते. मूळ तक्ते जिथल्या तिथे, जसेच्या तसे राहतात. आमच्या जुन्या यंत्राला सगळ्या चौदांना मिळून एक चहा होईपर्यंतचा वेळ लागतो. पाठवण्याआधी त्यातल्या दोन-तीन उघडून बघा. तक्ता रुंद असेल तर शेवटचे रकाने दुसऱ्या पानावर जातात. मूळ फाईलमध्ये पान आडवं करून ठेवलं की ते होत नाही.

आठवण करून देणारी चौकट

झेनिटी नावाची एक आज्ञा आहे, ती आपण सांगू तो मजकूर चौकटीत दाखवते. तिच्या आधी स्लीप जोडलं तर संगणक ठरलेला वेळ थांबतो आणि मग चौकट दाखवतो. टर्मिनलमध्ये असं:

स्लीप (एस, एल, ई, ई, पी), मोकळी जागा, ४०, एम, अर्धविराम, मोकळी जागा, झेनिटी (झेड, ई, एन, आय, टी, वाय), मोकळी जागा, दोन आडव्या रेघा, आय, एन, एफ, ओ, मोकळी जागा, दोन आडव्या रेघा, टी, ई, एक्स, टी, मग लगेच बरोबरचं चिन्ह, आणि अवतरण चिन्हांत तुमचा मजकूर.

मजकूर मराठीत चालतो. तेवढ्यापुरतं ऑल्ट-शिफ्ट दाबून मराठीवर जा, मजकूर लिहा, परत इंग्रजीवर या आणि मग शेवटचं अवतरण चिन्ह द्या. चाळीस मिनिटांनी पडद्याच्या मधोमध येईल, "बचतीचा भरणा बँकेत न्यायचा आहे". तोवर टर्मिनल बंद करायचं नाही, बाजूला सरकवून ठेवायचं. तक्त्यात डोकं घातलं की घड्याळाकडे बघायचं राहून जातं, माझं तरी जातं, म्हणून मी हे रोज लावते. खिचडी शिजायला ठेवून बसणाऱ्या तायांनाही उपयोगी.

बाकी थोडक्यात

प्रिंटर रुसला की ऑल्ट एफ-२ मध्ये सिस्टीम-कॉन्फिग-प्रिंटर लिहा (एस, वाय, एस, टी, ई, एम, आडवी रेघ, सी, ओ, एन, एफ, आय, जी, आडवी रेघ, पी, आर, आय, एन, टी, ई, आर). प्रिंटरची खिडकी येते, अडकलेली पानं तिथून काढता येतात. तीच फाईल पाच वेळा प्रिंटला पाठवू नका, प्रिंटर सुरू झाला की पाचही निघतात आणि कागद आपलाच जातो.

संगणकात जागा संपली असं दिसलं तर बाओबाब. बी, ए, ओ, बी, ए, बी. कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते रंगीत चित्रात दिसतं. बाओबाब हे झाडाचं नाव आहे, आपल्याकडे त्याला गोरखचिंच म्हणतात. आमच्या यंत्रात बघितलं तर सगळी जागा कार्यक्रमांच्या व्हिडिओंनी खाल्ली होती.

वार्षिक सभेला प्रोजेक्टर जोडला आणि भिंतीवर काही दिसेना, तर एक्सएफसीई४-डिस्प्ले-सेटिंग्ज लिहून (डिस्प्ले म्हणजे डी, आय, एस, पी, एल, ए, वाय) पुढे मोकळी जागा, आडवी रेघ, एम. छोटी खिडकी येते, त्यात दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवायचं चित्र निवडा. हे सभेच्या आदल्या दिवशी करून बघा. समोर दोनशे बाया बसल्यावर हात थरथरतात.

यातल्या एकाही आज्ञेला सुरुवात करायला पासवर्ड लागत नाही. म्हणून एक खूण लक्षात ठेवा. कुणी फोनवरून किंवा व्हॉट्सअॅपवरून एखादी आज्ञा पाठवली आणि तिच्या सुरुवातीला एस, यू, डी, ओ अशी अक्षरं असतील, किंवा ती पासवर्ड मागू लागली, तर तिथेच थांबा आणि आधी कार्यालयात फोन करा. आर, एम ही दोन अक्षरं आज्ञेच्या सुरुवातीला दिसली तरीही थांबा. ती फाईल पुसण्याची आज्ञा आहे, आणि अशी पुसलेली फाईल कचऱ्याच्या डब्यात जात नाही, सरळ जाते.

पुढच्या बैठकीपर्यंत

प्रत्येक ग्रामसंघातून दोघी दोघींनी एवढं करून यायचं. लिबरऑफिसमध्ये कोरी फाईल उघडायची, त्यात स्वतःचं नाव लिहायचं, तीन-चार मिनिटं तशीच ठेवायची आणि मग मुद्दाम एक्सकिलने मारायची. पुन्हा उघडून नाव परत मिळालं की नाही ते बघायचं. मिळालं तर का आणि नाही मिळालं तर का, हे बैठकीत सांगायचं. खऱ्या फाईलवर हा सराव करू नका.

ज्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येतात, त्यांनी या पाठातल्या आज्ञा पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाच्या मागच्या भिंतीला लावाव्यात. आमच्याकडचा पुठ्ठा त्या कर्ज प्रस्तावाच्या सचिव तायींच्या मुलीने लिहून दिला आहे. एक्सकिल तिने लाल पेनाने लिहिलं आहे आणि शेजारी विळीचं चित्र काढलं आहे.